पोरांना खुर्च्या उचलायला बोलावता, खुर्चीवर कधी बसवणार?

कोल्हापुरातल्या ख्रिस्ती मंडळ्यांचे पाळक, पंच आणि वडील यांना खुले पत्र

पाळकसाहेब, पंच आणि वडील मंडळींनो,

सप्रेम जय ख्रिस्त.

वार्षिक सभांचे दिवस जवळ आले आहेत. जमाखर्च वाचला जाईल, मागच्या सभेचं इतिवृत्त 'वाचलं असं समजून' मंजूर होईल, चहा येईल, आणि पंच कमिटीच्या निवडीचा विषय निघाला की गेल्या खेपेची नावं गेल्या खेपेचीच माणसं सुचवतील. मग कुणीतरी उठून म्हणेल, "आता तरुणांनी पुढं यायला पाहिजे." सगळे माना डोलावतील. तरुण त्या वेळी मागं खुर्च्या लावत असतील, नाहीतर साउंडवाल्याचे पैसे द्यायला गेलेले असतील.

त्या सभेच्या आधी हे पत्र तुमच्या हाती पडावं म्हणून लिहिते आहे. ते एका मंडळीला उद्देशून नाही. पाहुणी म्हणून, शिक्षिका म्हणून मी बऱ्याच मंडळ्यांमध्ये बसले-उठले आहे आणि थोड्याफार फरकानं चित्र सगळीकडं हेच आहे. त्यामुळे काय घडलं ते सांगेन, कुठं घडलं ते लिहिणार नाही. तुमच्यातल्या काहींच्या पोरांकडून दहा आज्ञा मी शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेत, पाठ करून घेतल्या आहेत, तेव्हा थोडं स्पष्ट बोलायचा हक्क मला आहे असं धरून चालते.

मला एका मुलीबद्दल सांगायचं आहे. तिचंही नाव लिहीत नाही. तिला ते चालणार नाही, आणि वाचताना तुम्हाला तुमच्याकडच्या पोरापोरींची नावं आठवावीत अशी माझी इच्छा आहे. वडील टेम्पो चालवतात, आई दवाखान्यात नर्स. लहानपणी वर्गात खिडकीजवळ बसायची आणि गाणी म्हणताना ओठ हलवायची नाही, एवढीच तिची माझ्याकडं नोंद होती.

ती दृढीकरणाच्या, म्हणजे मंडळीची पूर्ण सभासद होण्याआधीच्या तयारीच्या, वर्गात असताना आम्ही बायबलातलं शास्ते हे पुस्तक वाचत होतो. इफ्ताहाचा अध्याय बहुतेक शिक्षक घाईनं उरकतात. लढाईला जाताना इफ्ताहानं नवस केला, की जिंकून परत आलो तर घराच्या दारातून जे पहिलं सामोरं येईल ते परमेश्वराला अर्पण करीन. आणि डफ वाजवत, नाचत सामोरी आली त्याची एकुलती एक लेक. वाचून झालं. पोरं गप्प. हिनं हातबित काही वर केला नाही, बसल्या जागेवरून बोलली, "बाई, अब्राहाम पोराचा बळी द्यायला निघाला त्या वेळेला देवानं झुडपात एडका अडकवून ठेवला होता की. हिच्या वेळेला का नाही ठेवला? पोरगी होती म्हणून?"

ह्याला छापील उत्तरं आहेत. नवस उतावळेपणानं केला होता, देवानं तो मागितलाच नव्हता, वगैरे. ती मला येतात. त्या दिवशी मी ती दिली नाहीत, कारण तिला इफ्ताहाचं काही पडलं नव्हतं. तिला देवाबद्दल विचारायचं होतं. पुढं परीक्षा घ्यायला एक पाहुणे पाळक आले, त्यांच्यापुढंही तिनं हेच विचारलं. ते हसून म्हणाले, "बाळ, हे परीक्षेला येत नाही." मी तिला म्हटलं, शास्ते शेवटपर्यंत वाचून काढ आणि मला येऊन सांग.

पुढच्या रविवारी आली. "बाई, वाचलं. पुढं तर अजून वाईट आहे ओ." खरंच आहे. शास्त्यांचे शेवटचे अध्याय मोठ्या माणसांच्यानं वाचवत नाहीत. मग म्हणाली, "पण मी थांबलो नाही. त्याच्या पुढचं पुस्तकपण वाचून टाकलं. रूथ. तिथं जरा बरं वाटलं." (आमच्याकडच्या पोरी 'थांबलो'च म्हणतात, पुण्याच्या वाचकांनी हसू नये.) उत्तर हाती नसताना पान उलटत राहणारं पोर टिकतं, हे मी इतक्या वर्षांत पाहिलं आहे. तिच्यावर नजर ठेवायची असं मी तेव्हाच ठरवलं.

विश्वासात वाढ म्हटलं की आपल्याला साक्ष लागते. शिबिरात शेकोटीभोवती रडून उठलेलं पोर पटकन नजरेत भरतं, त्याला आपण पुढच्या रविवारी माइकसमोर उभं करतो. शिबिरांना माझा विरोध नाही, त्यांच्या पिशव्या मीच भरून दिल्या आहेत. पण हिच्या बाबतीत अशी रात्र कोणती होती ते मला सांगता येणार नाही, तिलाही येत नाही. जे झालं ते सावकाश झालं, आणि कुणी बघत बसलं तरच दिसेल असं.

बी.कॉम. झाल्यावर ती शिरोली एम.आय.डी.सी.तल्या एका फाउंड्रीत अकाउंट्सला लागली. शनिवारी सुटली की गाडी काढून मंडळीतल्या अंथरुणाला खिळलेल्या एका आजींकडं जायची. कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना स्तोत्र वाचून दाखवायची. आजींना अर्धी स्तोत्रसंहिता जुन्या भाषांतरातली तोंडपाठ, ही वाचणार हातातल्या नव्या पुस्तकातून. आजी दर ओळीला अडवायच्या, "असं नाही ते!" शेवटी हिनं पुस्तक मिटलं आणि आजी सांगतील तसं मागून म्हणायला लागली. आजींची नखं कापता कापता तिची कितीतरी स्तोत्रं पाठ झाली.

तिची प्रार्थनाही बदलत गेली. आधी ती आपल्या सगळ्यांसारखीच होती: हे दयाळू, कृपाळू, सर्वसमर्थ पित्या, सर्व जगाला आशीर्वादित कर. हळूहळू विशेषणं गळाली आणि माणसं आली. भट्टीवर हात भाजलेला बिहारकडचा कामगार. त्याच्या बायकोला फोन करून सांगायला घाबरणारा मुकादम. एकदा महिला मंडळाच्या सभेत तिनं आपल्या मॅनेजरसाठी प्रार्थना केली, तीही अशी: "प्रभू, त्यांना झोप लागू दे." बायका डोळे उघडून माझ्याकडं बघायला लागल्या. आमच्यात तोवर कुणी कुणाच्या झोपेसाठी प्रार्थना केलेली नव्हती.

मग २०२१ चा जुलै आला. कोल्हापूरकरांना पुराचं नवल नाही. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ४३ फुटांवर गेली की धोका, हे इथं शाळकरी पोरही सांगतं. २०१९ च्या महापुराची ओल भिंतींतून गेली नव्हती तोवर पुन्हा तेच, आणि त्यात कोरोना. गावाभोवती पाणीच पाणी आणि नळ कोरडे. मंडळीचा हॉल उघडायचा का, ह्यावर पंचांचे एकमेकांना फोन चालले होते. किल्ली कुणाकडं आहे, लाइटबिलाचं काय, कोरोनात परवानगी लागेल का. प्रश्न चुकीचे होते असं मी म्हणणार नाही. पण फोन चालू होते तेवढ्यात हिनं तरुण संघातली पोरं गोळा करून हॉल झाडून काढला, अंतर सोडून सतरंज्या टाकल्या, आणि मग पाळकसाहेबांना फोन लावला: "साहेब, माणसं आलीत. किल्ली माझ्याकडंच आहे, नाताळला घेतलेली परत द्यायची राहिली होती."

हॉलवर तिनं एक लांबडी वही घातली होती. मी ती जपून ठेवली आहे. पट्टीनं रेघा मारून रकाने पाडलेले: नाव, गल्ली, घरात माणसं किती, औषध काय चालू आहे, दिलं काय, सही किंवा अंगठा. शेवटचा रकाना मला आधी समजला नाही. त्यावर लिहिलं होतं, 'परत कोण जाणार'. पाणी ओसरल्यावर त्या घरी आपल्यातलं कोण जाईल, त्याचं नाव तिनं आधीच लिहून ठेवलं होतं. धान्याची पाकिटं देताना फोटो काढायला माणसं कमी पडत नाहीत. पाणी उतरतं तेव्हा घरात घोटाभर गाळ असतो, कपाटाचं दार फुगून बसलेलं असतं, गादी उचलायला चार माणसं लागतात, आणि तोवर वाटणारे आपापल्या घरी गेलेले असतात. ही पोरं खराटे, फावडी आणि ब्लीचिंग पावडर घेऊन त्या रकान्याप्रमाणं घरोघर गेली. एका घरी जायचा ज्याचा नंबर होता तो आजारी पडला, तर त्याच्या नावावर काट मारून तिनं स्वतःचं नाव लिहिलेलं आहे, तारखेसकट.

त्याच हॉलमधली आणखी एक गोष्ट तुमच्यातल्या काहींना रुचणार नाही. पाकिटं भरताना एका ज्येष्ठांनी सुवार्तेच्या पत्रिकांचा गठ्ठा आणला. प्रत्येक पाकिटात एकेक टाकू म्हणाले. मनात काही वाईट नव्हतं त्यांच्या. ती म्हणाली, "काका, आज नको. आज जो पाकीट घ्यायला आलाय त्याला नाही म्हणायची सोय नाही. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याला सुवार्ता कशी सांगायची?" काका चिडले. प्रभूची लाज वाटते काय, असं सगळ्यांसमोर विचारलं. तिनं उलट उत्तर दिलं नाही. गठ्ठा उचलला आणि दाराजवळच्या टेबलावर नीट रचून ठेवला, ज्याला पाहिजे तो घेईल. जाताना काहींनी घेतल्याही. मी तिथंच तांदूळ मोजत बसले होते, आणि हिला आता मी शिकवायचं काही उरलेलं नाही हे मला तिथं कळून चुकलं.

त्यानंतरच्या वार्षिक सभेत ती बोलायला उभी राहिली. मदतीसाठी आलेल्या पैशातले थोडे शिल्लक होते. ते सर्वसाधारण खात्यात मिसळू नयेत, पुढच्या आपत्तीसाठी वेगळे ठेवावेत आणि त्यांचा हिशेब तरुण संघाकडं द्यावा, एवढंच तिचं म्हणणं होतं. पावत्यांची फाइल हातात होती. दिवसभर कारखान्याच्या मोठमोठ्या रकमांच्या नोंदी करणारी ही मुलगी. तिला मध्येच तोडून सांगण्यात आलं, "बाळ, बस. ह्या गोष्टी वयानं कळतात." मागून कुणीतरी पुस्ती जोडली, "उद्या लग्न होऊन जाईल, मग हिशेब कुणाला विचारायचा?" लोक हसले. ती बसली. फाइल मांडीवर, वर दोन्ही हात.

नंतर काही महिने ती उपासनेला दिसली नाही.

रुसली असेल म्हणाल, तर तसं नव्हतं. शहरातल्याच दुसऱ्या एका ख्रिस्ती सहवासात जात होती. तिथं गिटार होती, रंगीत दिवे होते, स्क्रीनवर गाणी होती. मी विचारलं तर म्हणाली, "तिथं बरं आहे बाई. तिथं मी कोणाची कोण नाही." आजींची नखं कापणाऱ्या, गाळ उपसणाऱ्या मुलीला मंडळीत कोणाची कोणी नसणं बरं वाटायला लागावं, हे तुम्ही जरा मनात घोळवून बघा.

तिला परत आणलं आमच्यातल्याच एका जुन्या पंचांनी. शाहू मिलमध्ये उमर काढलेला माणूस. बोलायला कडक, आणि संदेश द्यायला उभे राहिले की घड्याळ न बघणारे. ते तिच्या घरी गेले. समजूत वगैरे काही घातली नाही. मंडळीची कीर्द तिच्यापुढं टाकली आणि म्हणाले, "मला बारीक अक्षर दिसत नाही आता. दर मंगळवारी संध्याकाळी यायचं. तू वाचायचं, लिहायचं, मी ऐकायचं. चुकायचं असलं तर माझ्यासमोर चूक."

आणि ती चुकली. लग्नाला हॉल दिला होता, त्याची अनामत तिनं भाड्यात जमा धरली आणि वर्षाचा ताळा बसेना. कमिटीत कुरबूर सुरू झाली, बघा आम्ही म्हणत होतो, वगैरे. पंच उठून म्हणाले, "चूक माझ्या देखरेखीत झाली आहे. काय विचारायचं ते मला विचारा." घरी आल्यावर मात्र तिला असं झापलं की शेजारच्यांनी ऐकलं. लोकांत पाठीशी उभं राहायचं आणि घरात कान उपटायचा, ही रीत आपल्यात फार कमी जणांना जमते. बहुतेक वेळा आपण भर सभेत कान उपटतो आणि घरी जाऊन गप्प बसतो.

मला इथं प्रेषित पौलाचा सोबती बर्णबा आठवतो. त्यांच्याबरोबर सुवार्तेच्या फेरीला निघालेला योहान मार्क पंफुल्यातून माघारी फिरला होता, म्हणून पुढच्या फेरीला त्याला बरोबर घ्यायला पौलानं साफ नकार दिला. बर्णबानं त्या पोरासाठी पौलाशी भांडण घेतलं. इतकं कडाक्याचं, की दोघं वेगळे झाले आणि बर्णबा मार्काला घेऊन कुप्रास गेला. तिथं पुढं काय झालं ते प्रेषितांच्या कृत्यांत येत नाही. ते पुस्तक पौलाच्या मागं निघून जातं. पण आयुष्याच्या शेवटाला तोच पौल तीमथ्याला लिहितो, की येताना मार्काला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. नकार आणि ही चिठ्ठी यांच्यामध्ये कुणीतरी त्या मार्काबरोबर बसलं असणार, त्याला झापलं असणार, पुन्हा उभं केलं असणार. आपल्या मंडळ्यांत पौल व्हायला सगळे तयार असतात, ही अडचण आहे.

गेल्या ईस्टरआधीच्या उपवासकाळात महिला मंडळानं तिला वचन सांगायला बोलावलं. तिनं शास्त्यांचा अकरावा अध्याय काढला. मी मनात म्हटलं, आली गाडी परत तिथंच. ती म्हणाली, "एडका का आला नाही ते मला अजून कळलेलं नाही, आणि मी कळलं असं सांगणार नाही. पण शेवटच्या ओळीत लिहिलंय, की तिची आठवण म्हणून इस्राएलाच्या मुली दरवर्षी चार दिवस जात होत्या. पुरुषांनी काय केलं ते लिहिलेलं नाही. मैत्रिणींनी एवढं केलं. आपल्यात कुणाची आठवण काढायची राहिली आहे का?" बराच वेळ कुणी बोललं नाही. मग पाठीमागच्या ओळीतल्या एका बाईंनी आपल्या बहिणीचं नाव घेतलं. ती सासरी जळून गेली होती. मंडळीत ते नाव इतक्या वर्षांत कुणी उच्चारलं नव्हतं, मीसुद्धा नाही. त्या दिवशी आम्ही तिच्यासाठी प्रार्थना केली, तिच्या आईसाठी केली, आणि घरी जायला सगळ्यांना उशीर झाला.

ह्या मुलीला वयानं कळायचं अजून काय राहिलं आहे, ते मला तुमच्यापैकी कुणीतरी सांगावं.

'अजून वय नाही' हे निदान कोल्हापुरात तरी कुणी म्हणू नये. सभा संपवून आपण दसरा चौकातून घरी जातो, तिथं पुतळा कुणाचा आहे? शाहू महाराजांचा जन्म जून १८७४ चा. २ एप्रिल १८९४ ला त्यांनी ह्या संस्थानचा कारभार हाती घेतला, तेव्हा वयाची वीस वर्षंही पुरी झाली नव्हती. मात्र त्याआधी त्यांची तयारी करून घेतली होती, हे आपण विसरतो. राजकोटचं शिक्षण, मग धारवाडला शिक्षक फ्रेझर यांच्या हाताखालची वर्षं, देशभरचे दौरे. तयारी झाली आणि अधिकार दिला, सगळाच्या सगळा. 'आधी काही वर्षं युवा प्रतिनिधी म्हणून बसा, मग बघू' असं त्यांना कुणी सांगितलं नाही.

आणि आपल्या घरचं उदाहरण तर आपल्या पोरांना आपण कधी सांगतच नाही. अमेरिकन मिशनरी रॉयल वाईल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. त्यांच्या नावाचं चर्च आजही गावात उभं आहे. त्यांचा मुलगा रॉबर्ट इथंच, कोल्हापुरात, १८६३ साली जन्मला. १८८६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत माउंट हर्मनला डी. एल. मूडी यांनी विद्यार्थ्यांचं शिबिर भरवलं होतं. रॉबर्ट तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा. परदेशी जाऊन मिशनरी सेवा करण्याचा विषय शिबिराच्या कार्यक्रमात फारसा नव्हताच. तो ह्या पोरानं आणि त्याच्या सोबत्यांनी लावून धरला. जमलेल्या सुमारे अडीचशे विद्यार्थ्यांपैकी शंभर जणांनी जायची तयारी दाखवली. त्यातून १८८८ मध्ये विद्यार्थी स्वयंसेवक चळवळ उभी राहिली आणि पुढं हजारो तरुण जगभर गेले. मूडी त्या वेळी दोन खंडांत नाव झालेले उपदेशक होते. ते 'बाळ, बस' म्हणाले नाहीत.

कुणी म्हणेल, वचनातच आहे की मंडळीचा अध्यक्ष नवशिका नसावा. आहे. पण तिथं विश्वासात नवीन असण्याबद्दल लिहिलं आहे. पाळण्यात असताना जिचं नाव मंडळीच्या वहीत चढलं, ती पंचविशीत नवशिकी कशी? आणि ज्या तीमथ्याला हे लिहिलं तो स्वतः तरुण होता, इफिसच्या मंडळीची काळजी त्याच्यावर सोपवली होती.

लग्नाचं कारण तर मला ऐकवत नाही. आपली कितीतरी मुलं हिंजवडीला गेली, बंगळुरूला गेली, आखातात गेली. त्यांच्यातल्या कुणाला तरुण संघाचा अध्यक्ष करताना 'उद्या पुण्याला जाईल' म्हणून आपण अडवलं का? आणि गेली ही लग्न होऊन मिरजेला, निपाणीला, सोलापूरला, तर तिथं मंडळी नाही का? तिथल्यांना तयार माणूस मिळेल, तिथून आपल्याकडं सून येईल तीही तयार येईल. सून शोधताना 'चर्चमध्ये पुढं असते' हे आपण कौतुकानं सांगतो. लेकीनं पुढं व्हायचं म्हटलं की वय आडवं येतं. (मला स्वतःला पंच कमिटीसाठी आजवर कुणी विचारलेलं नाही, पण त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल.)

एक भीती मात्र मला खरी वाटते. मंडळ्यांच्या जागा, ट्रस्टची कागदपत्रं, धर्मादाय आयुक्तांकडचे अर्ज, कोर्टाच्या तारखा. ह्यात तुमच्यातल्या काहींनी उमेदीची वर्षं घातली, पदरचा पैसा घातला, घरच्यांची बोलणी खाल्ली. कोणती जागा कुणाच्या नावावर कशी आली हे फायलीत अर्धं आहे, अर्धं तुमच्या डोक्यात. एखाद्या अननुभवी पोरानं चुकीच्या कागदावर सही केली तर काय, ही धास्ती मी समजू शकते. पण आपण सगळे एकाच वयाचे आहोत, आणि तुमच्या डोक्यातलं ते अर्धं तुमच्याबरोबरच जाईल. तेव्हा पुढच्या तारखेला जाताना एक पोर बरोबर न्या. वकिलासमोर तुमच्या शेजारच्या खुर्चीवर बसवा. येताना चहा पाजा आणि कोण काय बोललं ते त्याच्याकडून लिहून घ्या.

कोल्हापूरच्या कुठल्याही तालमीत जाऊन बघा. वस्ताद पोराला माती उकरायला लावतो, पाणी भरायला लावतो, मोठ्या मल्लांचं अंग रगडायला लावतो. पण त्याच मातीत त्याला रोज जोडही देतो, आणि पोर तयार झालं की मैदानात त्याच्या स्वतःच्या नावानं उतरवतो. आपली पोरं वर्षानुवर्षं नुसती माती उकरतायत.

मागणं फार नाही. 'युवा रविवार' नावाचा जो वर्षातल्या एका दिवसाचा उपचार आहे तो पुरे झाला. महिन्यातली एक उपासना पूर्ण त्यांच्याकडं द्या, संदेशासकट, आणि त्या दिवशी तुम्ही खाली बसून ऐका. पंच कमिटीत तिशीच्या आतली दोन माणसं घ्या, त्यात एक मुलगी, आणि दोघांनाही मताचा अधिकार. 'निमंत्रित' म्हणून कोपऱ्यात बसवायला घेणार असाल तर घेऊच नका. पैशाचं एक खातं त्यांच्या सहीनं चालू द्या, दुसरी सही तुमची राहू दे. ज्याच्याकडं काम द्याल त्याच्यामागं एक जुना माणूस नेमा, ज्याला आठवड्यातली एक संध्याकाळ देता येईल. आमच्या मिलवाल्या पंचांना विचारा कसं करायचं ते, कुणालाही सांगतील, फक्त तासभर मोकळा ठेवून जा.

माझ्या मंडळीच्या येत्या सभेत पंच कमिटीसाठी मी तिचं नाव सुचवणार आहे. तिला विचारलं आहे. आधी "बघू की" म्हणाली, मग रात्री फोन करून म्हणाली, "उभी राहतो बाई. पण निवडून आलो तर पुराच्या पैशाचा विषय पहिल्या बैठकीत घेणार, आधीच सांगतो." सूचक म्हणून माझी सही तयार आहे. अनुमोदकाची जागा मी मुद्दाम कोरी ठेवली आहे, कारण तिथं त्या दिवशी तिला खाली बसवणाऱ्यांपैकी कुणाचीतरी सही असावी असं मला वाटतं. फॉर्म पाळकसाहेबांच्या ऑफिसात आहे, उपासनेनंतर मिळेल.

आपली नम्र,
शब्बाथ शाळेची एक जुनी शिक्षिका
कोल्हापूर